टोस्टाओचा दुसरा डाव

१५ जुलै १९६६. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील ब्राझील-हंगेरी सामना चालू होता. ब्राझील म्हणजे लागोपाठ दोन वेळचा जगज्जेता. १९५४ साली याच हंगेरीकडून हरल्यानंतर विश्वचषकाच्या एकाही सामन्यात ब्राझीलला कोणी नमवले नव्हते. त्या दिवशी मात्र हंगेरीने त्यांना ३-१ असे हरवले. पेले जखमी होऊन बाहेर बसला होता. उजव्या बगलेवर गॅरिंचा होता. वय बत्तीस, दोन विश्वचषकांचा मानकरी, पण गुडघे साथ सोडू लागलेले. आणि पेलेच्या रिकाम्या जागी एकोणीस वर्षांचा, अंगाने लहानखुरा असा एक पोरगा विश्वचषकातला आपला पहिला सामना खेळत होता. ब्राझीलचा त्या दिवशीचा एकुलता एक गोल त्या पोराने केला. त्याचे नाव टोस्टाओ.

गॅरिंचाचा देशासाठी तो शेवटचा सामना ठरला. ब्राझीलचा पिवळा सदरा अंगावर असताना गॅरिंचा हरला तो एवढा एकच सामना. एकाचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय एकाच मैदानावर, एकाच संध्याकाळी व्हावा, असे योग खेळात अधूनमधून येतात. पण आज त्या सामन्याची आठवण काढायची ती त्यासाठी नव्हे. हे दोघे नव्वद मिनिटे एका संघात खेळले आणि मैदान सोडल्यानंतर त्यांच्या वाटा अशा काही फाकल्या, की खेळाडूच्या आयुष्याचा उत्तरार्ध कसा असतो व कसा असू शकतो, याची दोन टोके त्यांनी आपल्यासमोर ठेवली.

खेळाडूवर एक विचित्र अन्याय होतो. वकील, गवई, शिक्षक, सुतार हे चाळिशीत कुठे आपल्या कामात मुरू लागतात. खेळाडू त्या वयात 'माजी' झालेला असतो. ज्या वयात इतरांची पहिली बढती होते, त्या वयात त्याच्या निवृत्तीची चर्चा सुरू होते. पुढे चाळीस-पन्नास वर्षे उरतात. त्या वर्षांचे काय करायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यालाही त्याची फिकीर नसते. आपल्याला तो हवा असतो तो त्या एका गोलापुरता, त्या एका षटकारापुरता. टोस्टाओची कहाणी सांगण्यासारखी आहे ती या पार्श्वभूमीवर.

एदुआर्दो गोन्साल्वेस दे आन्द्रादे हे त्याचे पूर्ण नाव. जन्म २५ जानेवारी १९४७, ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्याची राजधानी बेलो होरिझोन्ते येथे. मिनास म्हणजे खाणींचा, डोंगरांचा प्रदेश. तिथली माणसे अबोल आणि सावध, अशी ब्राझीलमध्ये ख्याती आहे. टोस्टाओ हे एका क्षुल्लक किमतीच्या जुन्या नाण्याचे नाव. मोठ्या पोरांत खेळणाऱ्या या चिमुकल्याला ते चिकटले. आपल्याकडे अशा पोराला 'छटाक' म्हणाले असते, किंवा 'दमडी'. पुढे त्याच दमडीने भल्याभल्यांना खिशात टाकले, ही गोष्ट वेगळी.

त्याच्या गावात क्रुझेइरो नावाचा क्लब होता. ब्राझीलच्या फुटबॉलची सूत्रे तेव्हा रिओ आणि साओ पाउलो या दोन शहरांच्या हाती होती. बाकीचे क्लब म्हणजे गावठी. १९६५ मध्ये बेलो होरिझोन्तेत मिनेराव हे प्रचंड स्टेडियम बांधून झाले, आणि पुढल्याच वर्षी क्रुझेइरोच्या पोरांनी राष्ट्रीय चषकाची अंतिम फेरी गाठली. समोर होता पेलेचा सांतोस. १९६१ पासून सलग पाच वर्षे हा चषक सांतोसने कोणाला हात लावू दिला नव्हता. मिनेरावमधल्या पहिल्या सामन्यात मध्यंतराला क्रुझेइरो ५-० ने पुढे होता. सामना संपला ६-२ असा. साओ पाउलोतल्या परतीच्या सामन्यात सांतोसने दोन गोल चढवले तेव्हा लोकांना वाटले, झाले पोरांचे कौतुक. क्रुझेइरोने तोही सामना ३-२ असा फिरवला. टोस्टाओला लोक 'गोरा पेले' म्हणू लागले. अशा पदव्या बहुधा माणसाच्या मानगुटीवर बसतात. पेलेची नक्कल करायच्या भानगडीत हा पोरगा पडला नाही, म्हणून तो तगला.

१९६९ मध्ये ब्राझीलच्या संघाची धुरा जुआव साल्डान्या या पत्रकाराकडे आली. हा गृहस्थ कम्युनिस्ट, तोंडाचा फटकळ. आणि देशात १९६४ पासून लष्करी राजवट. अशी निवड झाली कशी, हेच आश्चर्य. साल्डान्याने पेले आणि टोस्टाओ दोघांना एकत्र खेळवले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतले सहाच्या सहा सामने ब्राझीलने जिंकले, २३ गोल केले, खाल्ले फक्त दोन. त्या २३ पैकी १० गोल एकट्या टोस्टाओचे होते, पेलेचे सहा. बाविसाव्या वर्षी तो जगातल्या पहिल्या काही स्ट्रायकरांमध्ये गणला जाऊ लागला.

आणि मग तो चेंडू आला.

२४ सप्टेंबर १९६९ च्या रात्री साओ पाउलोच्या पाकायेंबू मैदानावर क्रुझेइरोचा सामना कोरिंथियन्सशी होता. प्रतिस्पर्धी बचावपटूने जवळून जोरात फटकावलेला चेंडू थेट टोस्टाओच्या डाव्या डोळ्यावर आदळला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. खेळात असे चेंडू रोज लागतात. पण या फटक्याने डोळ्याच्या आतले दृष्टिपटल सुटले होते. कॅमेऱ्यात जी फिल्म असते तिच्या जागी डोळ्यात हे पटल असते. ते मागच्या भिंतीपासून सुटले, की डोळा उघडा असूनही चित्र उमटत नाही. वेळेवर ते परत बसवले नाही तर त्या डोळ्याने कायमचा अंधार.

त्याला अमेरिकेत ह्यूस्टनला नेण्यात आले. दोनच महिन्यांपूर्वी चंद्रावरच्या माणसांनी ज्या शहराशी संभाषण केले होते, तेच हे ह्यूस्टन. तिथे रोबेर्तो आब्दाला मौरा या मूळच्या ब्राझीलच्याच शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केली. पुढे अनेक महिने खेळ बंद. विश्वचषक आठ-नऊ महिन्यांवर आलेला. पात्रता फेरीत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू काळोख्या खोलीत डोळ्याला पट्टी बांधून पडून राहिला आहे, आणि पुन्हा चेंडू दिसेल की नाही हे कोणी खात्रीने सांगत नाही, अशी ती स्थिती होती. वय वर्षे बावीस.

भारतीय वाचकाला इथे मन्सूर अली खान पतौडींची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, आणि तरी त्याच वर्षअखेर ते कसोटी खेळले, पुढच्या वर्षी एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झाले. पण पतौडींच्या डोळ्याचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. उरलेल्या एका डोळ्यावर खेळायचे एवढेच त्यांच्या हाती होते. टोस्टाओचा डोळा वाचला होता, आणि प्रत्येक सामन्यात तो पुन्हा पणाला लागणार होता. फुटबॉलमध्ये चेंडू डोक्याने मारावा लागतो, कोपरे चेहऱ्यावर बसतात. प्रत्येक उडीत धोका होता, आणि तो कुणाला दिसत नव्हता.

तो मैदानात परतला तोवर बरेच काही बदलले होते. मार्च १९७० मध्ये साल्डान्याला काढण्यात आले. राष्ट्राध्यक्ष जनरल मेदिसी यांच्या पसंतीचा खेळाडू संघात घ्यायला त्याने नकार दिला होता, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. नवे प्रशिक्षक मारिओ झागालो. पेले आणि टोस्टाओ एकाच धाटणीचे खेळाडू असल्याने दोघांना एकत्र खेळवता येणार नाही, असे त्यांचे सुरुवातीचे मत. टोस्टाओ म्हणजे पेलेचा राखीव! संघात गोल करणारे, चेंडू खेळवणारे एकाहून एक खंदे: गेर्सन, रिव्हेलिनो, जायरझिन्हो. शेवटी तोडगा निघाला तो असा, की टोस्टाओने नऊ नंबरचा सदरा घालून अगदी पुढे उभे राहायचे; मात्र नऊ नंबरवाला करतो ते करायचे नाही.

हे जरा समजावून घेतले पाहिजे, कारण टोस्टाओचा स्वभाव आणि त्याचे पुढचे आयुष्य दोन्ही इथे दिसतात. स्ट्रायकर म्हणजे गोलसमोर ठाण मांडून बसलेला, चेंडूची वाट पाहणारा, संधी दिसली की झडप घालणारा माणूस. तो स्वार्थी असावा लागतो. तो त्याच्या कामाचाच भाग आहे. टोस्टाओ ही जागा सोडून मागे यायचा, बगलेला जायचा. त्याच्यावर नेमलेला बचावपटू त्याच्यामागे फरफटत यायचा, आणि जी जागा मोकळी व्हायची तिच्यात पेले किंवा जायरझिन्हो घुसायचे. एका स्पर्शात चेंडू पुढे सरकवून तो पुन्हा दिसेनासा व्हायचा. धावफलकावर त्याची नोंद नसे. हल्ली अशा खेळाडूला 'खोटा नऊ' म्हणतात आणि त्यावर पुस्तके लिहितात. १९७० मध्ये त्याला नाव नव्हते.

ग्वादालाहारातला इंग्लंडविरुद्धचा सामना घ्या. गोरदन बँक्सने पेलेचा हेडर अडवला, म्हणून हा सामना जगाच्या लक्षात आहे. तासाभराचा खेळ होत आला, गोल नाही. टोस्टाओने बाजूला पाहिले तर आपल्या जागी उतरवण्यासाठी रोबेर्तोला तयार केले जात आहे. आता काही केले नाही तर बाहेर, हे त्याने ओळखले. डाव्या बाजूला चेंडू मिळाला. बॉबी मूरसारख्या बचावपटूच्या दोन पायांमधून त्याने तो काढला, गर्रकन वळला आणि उजव्या पायाने चेंडू पेलेकडे टाकला. पेलेने तो जायरझिन्होसमोर अलगद ठेवला. गोल. १-० ने सामना जिंकला. नाव लागले जायरझिन्होचे, छायाचित्र आले पेलेचे. टोस्टाओ थोड्याच वेळात बाहेर जाऊन बसला.

पेरूविरुद्ध त्याने स्वतः दोन गोल केले. उपांत्य सामन्यात उरुग्वेने आघाडी घेतली होती. मध्यंतराच्या तोंडावर क्लोदोआल्दोला बरोबरीच्या गोलसाठी पास दिला तो टोस्टाओने. जायरझिन्होच्या दुसऱ्या गोलचा पासही त्याचाच. त्याच सामन्यात पेलेने चेंडूला स्पर्शही न करता उरुग्वेच्या गोलरक्षकाला चकवले. तो चेंडू गोलात गेला नाही, तरी न झालेल्या गोलांमध्ये तो सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याआधीचा पासही टोस्टाओचा. अंतिम सामन्यात इटलीविरुद्धचा चौथा गोल आजही फुटबॉलमधला सर्वोत्तम सांघिक गोल मानला जातो. कार्लोस आल्बेर्तोने तो मारला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची चित्रफीत थोडी आधीपासून पाहिली तर दिसते, की आघाडीवर असायला हवा तो नऊ नंबरवाला मागे धावत आपल्या गोलजवळ, डाव्या कोपऱ्याच्या बाजूला आला आहे आणि इटलीच्या पायातून चेंडू काढून घेण्यासाठी झुंजतो आहे. जगातल्या त्या सर्वांत देखण्या गोलची सुरुवात एका स्ट्रायकरने बचाव केल्यामुळे झाली. ब्राझील ४-१ ने जिंकला. विश्वविजेतेपदाचे पदक टोस्टाओने ह्यूस्टनच्या डॉक्टर मौरांना देऊन टाकले.

बक्षिसांचा मग पाऊस पडला. लष्करी राजवटीला हा विजय हवाच होता. राष्ट्राध्यक्षांनी संघाचे स्वागत केले, छायाचित्रे झळकली. साओ पाउलोचे महापौर पाउलो मालुफ यांनी सरकारी पैशातून प्रत्येक खेळाडूला फोक्सवॅगन बीटल मोटार दिली. त्यावरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. या मोटारींचा संदर्भ लक्षात ठेवावा, कारण बेचाळीस वर्षांनी याच प्रकारचा प्रश्न पुन्हा येणार होता.

१९७२ मध्ये रिओच्या वास्को द गामा क्लबने ब्राझीलमधली तोवरची विक्रमी रक्कम मोजून टोस्टाओला घेतले. वर्ष सरायच्या आत डोळ्याने पुन्हा तक्रार सुरू केली. पुन्हा ह्यूस्टन, पुन्हा तपासण्या. डॉक्टरांनी सांगितले ते स्वच्छ होते: खेळत राहिलात तर डोळा जाईल. १९७३ च्या सुरुवातीला टोस्टाओने फुटबॉल सोडले. वय सव्वीस. देशासाठी ३२ गोल, क्रुझेइरोसाठी दोनशेहून अधिक. पुढल्या वर्षी जर्मनीत विश्वचषक होता. तिथे तो सत्तावीस वर्षांचा, म्हणजे ऐन भरात असता. टोस्टाओ आणि पेले दोघेही नसलेला ब्राझील तिथे चौथा आला.

अशा वेळी माणूस काय करतो? बहुतेक जण मैदानाच्या कडेकडेने राहतात. प्रशिक्षक होतात, क्लबात पद घेतात, जाहिराती करतात, उद्घाटनांना फिती कापतात. त्यात गैर काही नाही. टोस्टाओने प्रवेश परीक्षेचा अभ्यास केला. विशी-एकविशीच्या मुलांबरोबर बसून तो मिनास जेराइसच्या विद्यापीठात वैद्यकाच्या पहिल्या वर्गात दाखल झाला. जगज्जेता माणूस शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा राहून स्नायूंची नावे पाठ करतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. १९८१ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो डॉक्टर झाला.

इथून पुढे त्यांना अहोजाहो करणेच योग्य. डॉक्टर एदुआर्दो रुग्ण तपासू लागले, वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले. टोस्टाओ हे नाव त्यांनी मिटवून टाकले. फुटबॉलवर बोलायचे नाही, मुलाखती द्यायच्या नाहीत, जुन्या गोष्टींच्या मैफलीत बसायचे नाही. ब्राझीलमध्ये, जिथे फुटबॉल हवेत असते, तिथे त्यांनी जवळजवळ दोन दशके ही शिस्त पाळली. लोकांना तो अहंकार वाटला, कोणाला कडवटपणा. आम्हाला त्यात एक साधी व्यवहारी गरज दिसते. पोटदुखीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाने समोरच्या डॉक्टरमध्ये आपला डॉक्टरच पाहिला पाहिजे. त्याला तिथे १९७० चा नऊ नंबर दिसू लागला, तर तपासणी व्हायची कशी? दुसरे काम मनापासून करायचे असेल तर पहिल्याची सावली काही काळ तरी दूर ठेवावी लागते.

याच काळात गॅरिंचाचे काय झाले? ज्या १९७३ मध्ये टोस्टाओ निमूटपणे थांबला, त्याच वर्षाच्या अखेरीस मारकाना स्टेडियमवर गॅरिंचाच्या मदतीसाठी निरोपाचा सामना झाला. लाखाच्या वर लोक आले. पैसा आला तसा गेला. दारू सुटली नाही. १९८० च्या रिओ कार्निव्हलमध्ये मांगेइरा या सांबा मंडळाने त्याला आपल्या चित्ररथावर मानाने बसवले. लाखो लोकांपुढून तो रथ गेला आणि त्यावर बसलेल्या माणसाला आपण कुठे आहोत याचे धड भान नव्हते. २० जानेवारी १९८३ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, यकृत निकामी होऊन तो गेला. मग पुन्हा गर्दी, पुन्हा मारकाना, पुन्हा अश्रू. ज्याला लोकांचा आनंद म्हणत, त्या माणसाच्या वाट्याला स्वतःचा असा आनंद फारसा आला नाही.

दोघांची तुलना करून 'पाहा, एक शहाणा आणि एक बेफिकीर' असा बोध काढणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. गॅरिंचा पाउ ग्रांदे या कापडगिरणीच्या गावचा. जन्मतः पाय वाकडे. पोरवयात गिरणीत कामाला लागला. शिक्षण नावापुरते. क्लबाने पुढे केलेल्या कागदावर सही करणे, एवढाच त्याला व्यवहार ठाऊक. दुखरे गुडघे सुया टोचून खेळवत ठेवणारे त्याला पुष्कळ भेटले. 'आता थांब, नाहीतर कायमचा अधू होशील' असे सांगून खरोखर थांबवणारा कोणी भेटला नाही. टोस्टाओ शहरात वाढला, वाचनाची गोडी लागलेला, परीक्षेला बसण्याची हिंमत आणि तयारी असलेला. त्याला थांबवणारा डॉक्टरही मिळाला. टोस्टाओचे धैर्य खरे आहे, त्यात उणे काढायचे कारण नाही. पण त्या धैर्याच्या पायाखाली शाळेची चार पुस्तके होती. गॅरिंचाच्या पायाखाली फक्त चेंडू होता. चेंडू गेल्यावर पायाखाली काहीच उरले नाही. त्याचा दोष एकट्या गॅरिंचाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. क्लब, संघटना, सरकार आणि गॅलरीत बसून ओरडणारे प्रेक्षक, म्हणजे आपण, सगळेच त्यात आलो.

डॉक्टर एदुआर्दो फुटबॉलकडे परतले ते १९९४ च्या विश्वचषकाच्या वेळी, दूरचित्रवाणीवरचे समीक्षक म्हणून. मग त्यांनी वैद्यकी थांबवून वर्तमानपत्रांत लिहायला घेतले, आणि पाव शतकाहून अधिक काळ ब्राझीलमधले सर्वांत आदराने वाचले जाणारे फुटबॉल-स्तंभलेखक म्हणून ते ओळखले गेले. नाव पुन्हा टोस्टाओ. दोन दशकांनंतर जुने नाव परत घेता आले, कारण आता त्याच्यावाचून अडत नव्हते. त्यांच्या लेखनात 'आमच्या वेळी' हा राग नसतो. मानसशास्त्राचे वाचन, डॉक्टरची निदान करायची सवय आणि खेळाडूचे पाय, असा तिहेरी अनुभव त्यामागे आहे. 'परिपूर्णता अस्तित्वात नसते' अशा अर्थाचे नाव त्यांनी २०१२ मधल्या आपल्या पुस्तकाला दिले. ज्या संघाला जग परिपूर्ण म्हणते, त्या संघातल्या माणसाने हे म्हणावे, याला वेगळे वजन आहे.

एक निदान त्यांनी वर्षानुवर्षे मांडले. ब्राझीलने मैदानाचा मधला भाग गमावला आहे, असे ते लिहीत. मधल्या फळीत एकतर निव्वळ अडवणारे उरले किंवा निव्वळ पुढे धावणारे. चेंडू घेऊन खेळाचा विचार करणारा गेर्सन, क्लोदोआल्दोसारखा खेळाडू घडवणे बंद झाले. पाच विश्वचषक जिंकलेल्या देशाला हे ऐकायचे नव्हते. ८ जुलै २०१४ रोजी जर्मनीने ब्राझीलला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ७-१ ने चिरडले. पहिल्या अर्ध्या तासातच पाच गोल झाले, आणि त्यातले बहुतेक त्या ओसाड पडलेल्या मधल्या भागातून चालत आले. मैदान होते बेलो होरिझोन्तेचे मिनेराव. जिथे एकोणीस वर्षांच्या टोस्टाओने पेलेच्या संघाला धूळ चारली होती, तेच.

आता त्या मोटारींकडे वळू. २०१४ च्या स्पर्धेच्या तयारीत ब्राझील सरकारने २०१२ मध्ये कायदा केला. १९५८, १९६२ आणि १९७० च्या विश्वविजेत्या खेळाडूंना प्रत्येकी एक लाख रिआइस, आणि गरजूंना दरमहा निवृत्तिवेतन. टोस्टाओंनी आपल्या स्तंभातून जाहीर केले, की हे पैसे मी घेणार नाही. त्यांचा युक्तिवाद साधा होता. आम्हाला त्या वेळी बक्षिसे मिळालेली आहेत. हा पैसा जनतेचा आहे. आम्हाला द्यायचा तर इतर खेळांतल्या विजेत्यांना का नाही? आणि जे तितकेच झटले, पण जिंकले नाहीत, त्यांनी काय पाप केले? अडचणीतल्या खेळाडूला मदत जरूर व्हावी, पण ती विजयाच्या बिदागीच्या रूपाने नव्हे.

या भूमिकेवर मतभेद होऊ शकतो. ज्यांच्या घरी चूल पेटत नव्हती अशा जुन्या खेळाडूंना ती रक्कम म्हणजे उशिरा का होईना, मिळालेला न्याय होता. त्यांनी ती घेतली यात कमीपणा नाही. गॅरिंचा जिवंत असता तर त्याने ती घ्यावी, असेच आपण म्हटले असते. नकार देणे परवडण्यासाठीही हाताला दुसरे काम असावे लागते. पण टोस्टाओंनी विचारलेला प्रश्न त्याने खोटा ठरत नाही. सरकारे खेळाडूला जे देतात ते बहुधा विजयाच्या दुसऱ्या दिवशी, कॅमेऱ्यांसमोर देतात: मोटार, भूखंड, धनादेश. त्या दिवशी खेळाडूला त्याची सर्वांत कमी गरज असते. त्याला गरज असते ती त्याआधी दहा वर्षे, शाळेच्या वर्गात. आणि त्यानंतर दहा वर्षांनी, जेव्हा गुडघा सुजतो आणि फोन वाजायचा थांबतो.

ही गोष्ट ब्राझीलची आहे, पण तिच्यातले प्रश्न ओळखीचे वाटावेत. बारा-चौदा वर्षांची पोरे शाळा सोडून आठ-आठ तास मैदानावर घालवतात, आईबाप त्यासाठी कर्ज काढतात, आणि हजारातले नऊशे नव्व्याण्णव मधल्या कुठल्यातरी फेरीत गळतात. जो एक उरतो त्याचे पोस्टर आपण भिंतीवर लावतो. गळलेल्यांचे काय झाले, हे विचारत नाही; आणि उरलेल्याचेही पस्तिशीनंतर काय होते, हे फारसे विचारत नाही. प्रशिक्षकाने पोराच्या हातात चेंडू देताना दुसऱ्या हातातले पुस्तक काढून घेऊ नये, एवढा साधा नियम जरी क्लबांनी, संघटनांनी आणि पालकांनी पाळला, तरी पुष्कळ साधेल. असे केल्याने खेळाडू कमी दर्जाचा होतो, हा समज खोटा आहे. १९७० च्या त्या संघात सर्वांत कमी धावून सर्वांत जास्त पाहणारा जो खेळाडू होता, तोच पुढे डॉक्टर झाला.

१९६६ च्या त्या संध्याकाळी गुडिसन पार्कवरून दोघे एकाच दाराने खोलीत परतले असतील. एकाला अठ्ठावीस वर्षांनी पत्रकार शोधत आले ते फुटबॉलबद्दल त्याचे मत विचारायला. दुसरा तोवर अकरा वर्षांपूर्वीच गेलेला होता, आणि त्याच्याबद्दल सगळेच बोलत होते.